लिफ्टची तब्येत आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचंच सांगत आलो. कुणाची बदली, कुणाचा निकाल, कुणाची हरवलेली छत्री. स्वतःबद्दल बोलायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझी चौकट सागवानाची आहे. पाठीला मऊ फळी, तिच्यावर हिरवं कापड, समोर काचेची दोन दारं आणि मधोमध एक चिमुकलं कुलूप. मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. चौकट जुळवताना त्याने एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोक वाचणार याच्यावर. वाकडा नको." मी सरळच राहिलो. माझ्यावर जे लावलं गेलं ते सरळ होतं की नाही, याची जबाबदारी त्या सुताराची नाही आणि माझीही नाही. आम्हा फलकांना मत नसतं. छाती असते, आणि तिच्यात टाचण्या असतात.

मला एका सरकारी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून टांगलं. रस्ता अरुंद. पलीकडे सरकारी रुग्णालय. त्याच्या काचेच्या दारातून आतली लिफ्ट मला थेट दिसते. जन्मभर एकमेकांसमोर राहणाऱ्या शेजाऱ्यांसारखी आमची नजरेची ओळख आहे. ती वर गेली की मला कळतं. ती गेली नाही तर जास्तच कळतं.

सुरुवातीची वर्षं मोठ्या थाटाची होती. परीक्षांचे निकाल माझ्यावरच लागत. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाचत. काचेवर नाकांचे ठसे उमटत. एका मुलीने आपलं नाव सापडल्यावर माझ्या काचेचा मुकाच घेतला होता. शिपायाने तो लगेच पुसला. सरकारी मालमत्ता होती ना मी.

मग सगळं फोनमध्ये गेलं. निकाल गेले, बदल्या गेल्या, छत्र्यासुद्धा फोनमध्येच हरवू लागल्या. माझ्यावर शेवटचा कागद राहिला तो झुरळांसाठी औषध फवारणार असल्याचा. फवारणारे निवृत्त झाले, झुरळांच्या कितीतरी पिढ्या सुखाने नांदल्या, पण कागद तसाच. माझ्या डोक्यावर कबुतरं बसू लागली आणि माझ्याविषयीचं आपलं मत मोकळेपणाने व्यक्त करू लागली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात ते मी पहिल्यांदा अनुभवलं, ते असं.

असाच धूळ खात असताना कार्यालयात एक नवा कक्ष उघडला. ऑनलाइन मजकूर नियमन कक्ष. लोक फोनवरून जे वाटेल ते लिहितात, त्यातलं घातक काय ते शोधून काढून टाकायचं, हे त्याचं काम. कक्षाचे अधिकारी होते ते साहेब. सडपातळ, सभ्य आणि सदैव धास्तावलेले. फोन वाजला की आधी कॉलर नीट करायचे, मग उचलायचे. त्यांच्या हाताखाली एक हेडक्लार्क. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंचं अक्षर सुंदर आणि आवाज खणखणीत.

या कक्षाच्या नियमांत एक नियम मोठा गमतीचा होता. सरकारने एखादा मजकूर काढला, तर तो मजकूर, जसाच्या तसा, खाली आदेश आणि गोल शिक्क्यासह, कार्यालयाच्या दर्शनी फलकावर सुनावणीपर्यंत लावायचा. सरकारने गुपचूप काही पुसू नये, काय पुसलं ते सगळ्यांना कळावं, ज्याला हरकत घ्यायची त्याला घेता यावी, म्हणून. हा नियम करणारा माणूस नक्कीच शहाणा असणार. त्याची पुढे बढती झाली नाही, असं ऐकतो.

तर फलक हवा म्हणून मोठ्या बाई ओलं फडकं घेऊन आल्या. झुरळांचा कागद निघाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा चेहरा पुसला, मित्रांनो. मला भरून आलं.

कक्षाचं काम वाईट होतं असं कुणी समजू नका. एक भामटा सगळ्या दुखण्यांवर एकच पूड विकत होता. त्याची जाहिरात काढली आणि माझ्यावर लावली. वाचून लोक सावध झाले. एका मुलीचा फोटो आणि घरचा पत्ता कुणीतरी दुष्टाव्याने टाकला होता. तो तासाभरात काढला. अशा प्रकरणात मजकूर लावायचा नाही, नुसतं "काढला" एवढंच लिहायचं, अशी सूट नियमातच होती. त्या दिवशी मला कक्षाचा फार अभिमान वाटला.

पण मग साहेबांना सवय लागली. त्यांचा हिशेब साधा होता. एकदा माझ्या बाजूलाच उभं राहून ते मोठ्या बाईंना समजावत होते. "हे बघा बाई, काढलं नाही आणि उद्या काही झालं, तर मला विचारतील. काढलं आणि काहीच झालं नाही, तर कोण विचारणार?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, काढा."

तेव्हापासून तक्रार आली की मजकूर निघू लागला. वाचायची वेळच येईना.

आता बेकरीवाल्या ताईंविषयी सांगतो. गल्लीच्या टोकाला त्यांची बेकरी. रोज सकाळी त्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात ब्रेड पोचवायला येत. केसांत नेहमी पिठाने पांढरी झालेली एक बट. त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या होत्या. पाय जुळला, पण वाकेना. त्याला व्यायाम देणारा विभाग तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना जिना चढता येत नाही अशा सगळ्यांची सोय रुग्णालयाने सर्वांत वर केली होती. लिफ्ट चालू असेल तर प्रश्न नाही. पण लिफ्ट मनस्वी. सासूबाईंना गाडीत घालून आणावं, दारापाशी उतरवावं, आणि लिफ्ट बंद म्हणून परत न्यावं, असं अनेकदा झालं.

परत जाताना सासूबाई एकदा माझ्यासमोर थांबून म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या तब्येतीची चौकशी सगळे करतात. त्या लिफ्टच्या तब्येतीची कर कोणीतरी."

ताईंनी केली. ब्रेड पोचवायला येतच होत्या, लिफ्टकडे नजर टाकायची आणि फोनवर लिहायचं. पानाचं नाव ठेवलं, लिफ्टची तब्येत. मजकूर मोठ्या नेत्यांच्या आजारपणात निघतो तसा. "रुग्ण कालपासून दुसऱ्या मजल्यावर बेशुद्ध. दार अर्धवट उघडं, नजर शून्यात. नातेवाइकांनी धीर धरावा आणि कठडा धरावा." दुसऱ्या दिवशी, "रुग्णाने सकाळी दिवा लावला, पुन्हा मालवला. तज्ज्ञांचं पथक आलं, चहा घेऊन गेलं."

लोकांना मजा वाटली, आणि उपयोगही झाला. घरातूनच कळायचं की आज आजीला न्यायचं की नाही. शंभर घरांचे हेलपाटे वाचले.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना मात्र मजा वाटली नाही. भरदार माणूस, कडक इस्त्री. तावातावाने रस्ता ओलांडून आले. खिडकी उघडी होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"अहो, लिफ्टला बेशुद्ध म्हणतात! लिफ्ट काय माणूस आहे?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग ती बेशुद्ध कशी होईल?"

"नाही होणार."

"मग ही अफवाच झाली की नाही? घबराट पसरते. प्रतिमा मलिन होते."

साहेबांना या युक्तिवादात खोट सापडेना. त्यांनी कॉलर नीट केली आणि आदेश काढला. नियम असा की पान कायमचं बंद करायचं तर सुनावणी घ्यायला हवी. तोवर रोजचा मजकूर रोज काढायचा. ताईंना कळवलं गेलं की निर्णय विरुद्ध गेला तर पान जाईलच, शिवाय त्यांचं खातंही कायमचं बंद होईल. त्या खात्यावरच बेकरीच्या केकच्या ऑर्डरी यायच्या.

ताई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी ब्रेड पोचवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. स्वतःचाच मजकूर वाचत होत्या, खाली शिक्का. सोबत चाकांच्या खुर्चीत सासूबाई.

"आई, मी आता लिहीत नाही. कशाला नसती बला?"

"खोटं लिहिलंस का काही?"

"नाही हो."

"सुनावणी होईपर्यंत लिहायला बंदी आहे?"

"नाही. लिहिलं की काढतात, एवढंच."

"मग त्यांचं काम ते करतायत, तू तुझं कर. आणि मला सावलीत ने, डोकं तापलंय."

ताई लिहीत राहिल्या. आणि इथून माझे चांगले दिवस पुन्हा सुरू झाले, मित्रांनो.

कारण कक्ष फार तत्पर होता. ताईंनी सकाळी लिहिलं की साहेब ते ताबडतोब काढत. फोनवर ते कुणाच्या दृष्टीलाच पडेना. पण काढलं की मोठ्या बाई लगेच ते सुंदर अक्षरात उतरवून माझ्यावर लावत. लोकांनी हे हेरलं. गाडीवाले रुग्णालयाच्या दारी जाण्याआधी माझ्याजवळ ब्रेक मारू लागले. "थांबा आजोबा, आधी फलक बघून येतो." एका वृद्धाने अक्षर बारीक असल्याची लेखी तक्रार दिली, तर बाईंनी जनतेच्या सोयीसाठी अक्षर दुप्पट मोठं केलं. आता रस्त्यापलीकडूनही वाचता येई. शिवाय विश्वासाचा प्रश्न मिटला. पूर्वी काही लोक म्हणत, फोनवरचं काय खरं? आता खाली सरकारी गोल शिक्का होता.

अधीक्षक पुन्हा आले. माझ्यासमोरची गर्दी पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. "हे काय लावलंय?"

"आपल्याच तक्रारीवरून, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी काढायला सांगितलं होतं!"

"काढलंय ना. काढलंय म्हणूनच लावलंय."

शेवटी सुनावणीचा दिवस आला. साहेबांच्या खोलीत एवढी माणसं मावेनात, म्हणून खुर्च्या व्हरांड्यात, माझ्या शेजारीच मांडल्या. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. गुंडाळायच्या, सोडायच्या. पान राहणार की जाणार, खातं राहणार की जाणार, ते आज ठरणार होतं. मला मत नसतं, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. पण त्या दिवशी माझ्या टाचण्यासुद्धा ताठ झाल्या होत्या.

अधीक्षकांनी घसा साफ केला. "मजकूर धादांत खोटा आहे. लिफ्ट उत्तम चालू आहे. म्हणाल तर आत्ता दाखवतो."

आणि ते तडक रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. आम्ही सगळे बघतोय. त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट आली. दार उघडलं. अधीक्षक आत गेले, वर गेले, खाली आले, आणि सर्कशीतल्या कसरतपटूसारखे दोन्ही हात पसरून बाहेर पडले. साहेबांनी सुस्कारा सोडला. असा पुरावा मिळाला म्हणजे निर्णय सोपा होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"साहेब, सुनेचं आजचं वाचलंत का?"

"हो. म्हणजे, काढलं सकाळीच."

"काढलंत ते कळलं हो. वाचलंत का?"

साहेबांनी चष्मा चढवला आणि माझ्याकडे वळले. इतके दिवस रोज माझ्या जवळून जात होते, पण माझ्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि मोठ्याने वाचलं.

"लिफ्टची तब्येत. आनंदाची बातमी. रुग्ण आज शुद्धीवर. तळमजला ते तिसरा, एका दमात. धाप नाही, घाम नाही. गुडघेवाल्यांनी आजच येऊन जावं."

अधीक्षक रस्ता ओलांडून परत येत होते, अजून हसतच होते.

"अधीक्षक साहेब," आमचे साहेब हळूच म्हणाले, "लिफ्ट चालू आहे, हे नक्की?"

"शंभर टक्के! सर्वांनी पाहिलंय!"

"मग हा मजकूर खरा आहे."

"कुठला मजकूर?"

"लिफ्ट चालू आहे, असं यात म्हटलंय. मी तो घबराट पसरवणारा म्हणून काढला." साहेबांचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला. "बाई, आधीचे सगळे कागद आणा. बसू. वाचू."

सगळे वाचले. मोठ्याने. तज्ज्ञांचं पथक चहा घेऊन गेलं, इथे साहेबांना हसू आवरेना. खोकल्यासारखं करून त्यांनी अधीक्षकांना विचारलं, "पथक आलं होतं का?"

"आलं होतं."

"दुरुस्ती?"

"सुटा भाग मिळाला नाही."

"आणि चहा?"

"आल्यागेल्याला विचारावा लागतो हो चहा," अधीक्षक म्हणाले, आणि गर्दीत असा हशा उसळला की माझी काच थरथरली. मग काय झालं कोण जाणे, इस्त्रीतला तो माणूस एकदम खुर्चीत बसला. "नवी लिफ्ट द्या म्हणून मी वरती किती वेळा लिहिलं, तुम्हाला कल्पना नाही. उत्तर नाही. मला वाटलं, हे पान वरच्यांनी पाहिलं तर म्हणतील, सांभाळता येत नाही याला."

"पाहू देत की," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकत नाहीत, निदान हिचं वाचतील."

साहेबांनी आदेश लिहिला. सगळा मजकूर परत चढवावा, पान चालू राहावं, खात्याला हात लावू नये. सही करताना ते पाठीवरचं पोतं उतरवलेल्या हमालासारखे दिसत होते. ताईंनी पदर सोडला, उठून माझ्याजवळ आल्या, आणि इतका मोठा श्वास सोडला की माझी काच धुरकट झाली. डोळे पाण्याने भरलेले.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "चल लवकर. लिफ्ट चालू आहे तोवर वर जाऊन येऊ."

सून खुर्ची ढकलत धावली. मागोमाग अधीक्षकही धावले आणि त्यांनी स्वतः लिफ्टचं दार धरून ठेवलं. लिफ्ट वर गेली. मी मोजत होतो, पहिला, दुसरा, तिसरा. हुश्श!

पुढे नवी लिफ्ट आली नाही. खोटं कशाला सांगू? पण सुटे भाग लवकर येऊ लागले. अधीक्षक ताईंना आता स्वतःच सांगतात, "आज जरा खरखर आहे हं, लिहा तसं." सासूबाईंचा पाय बराच वाकतो, आणि त्या स्वतः वाकत नाहीत.

साहेब आता तक्रार आली की आधी मजकूर वाचतात. त्यामुळे काढण्यासारखं फार थोडं निघतं, आणि मी बराचसा रिकामा असतो. पूर्वी रिकामा होतो तेव्हा उदास वाटायचं. आता हलकं वाटतं. बोलण्यासारखं सगळं ज्याच्या त्याच्या जागी बोललं जातंय, म्हणून मी रिकामा.

माझ्या दोन दारांपैकी एक साहेबांनी काढून टाकलं. त्या बाजूला कुणीही काहीही लावावं, कक्षाविषयीसुद्धा. पहिला कागद लागला तो तक्रार घेऊन येणाऱ्या एका काकांचा. "इथले साहेब आपलं ऐकताना दाराकडे बघतात."

मोठ्या बाईंनी तो पाहिला आणि सवयीने टाचणीला हात घातला. "काढू का, साहेब?"

साहेबांचे कान तांबडे झाले होते. "राहू द्या," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी आपली खुर्ची फिरवून घेतली.

तो कागद आज माझ्यावर नाही. कक्षाने काढला नाही. काका पुन्हा एकदा काही कामाने आले, बराच वेळ आत बसले, आणि जाताना त्यांनी स्वतःच टाचणी उपटून कागद खिशात घातला. मोठ्या बाईंना म्हणाले, "आता खरं राहिलं नाही ते."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कार्यालयात, गल्लीत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावरचे कागद फाडू नका. एखाद्या चित्राला मिशा काढल्यात तर मी कुणाला सांगणार नाही. आणि मोठेपणी तुमच्या हाती एखादी टाचणी काढायचा अधिकार आलाच, तर काकांनी कागद काढला तसा निघेल, असं काहीतरी करून पाहा. जरा वेळ लागतो. पण मला विचाराल तर, एवढ्या वर्षांत एवढी एकच टाचणी निघताना दुखली नाही.